‘लेबल बदलले’ म्हणजे कोणी कोणाला सोडले?

प्रश्न

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी मी अमेरिकन गायक जॉनी कॅश यांच्यावर लेख लिहीत आहे. त्यांचा 1994 सालचा ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ हा अल्बम लेखाचा मुख्य विषय आहे. लेखाचे पहिले वाक्य मी असे लिहिले आहे: ‘ज्येष्ठ लोकगायक जॉनी कॅश यांनी लेबल बदलल्यानंतर निर्माते रिक रूबिन यांच्या अमेरिकन रेकॉर्डिंग्ज या लेबलसाठी केलेला हा पहिला अल्बम.’ मुद्रितशोधन करणाऱ्या स्नेह्यांनी ‘लेबल’खाली रेघ मारून समासात ‘कशावरचे?’ असे लिहून पाठवले. या शब्दाला रुळलेला मराठी प्रतिशब्द आहे का? आणि वाक्यातील बाकीचे शब्द योग्य आहेत का?

उत्तर

आपल्या स्नेह्यांची शंका रास्त आहे, कारण मराठीत ‘लेबल’ म्हटले की बाटलीवर, डब्यावर किंवा कापडावर चिकटवलेली चिठ्ठीच प्रथम डोळ्यांसमोर येते. संगीताच्या व्यवसायातील अर्थही मुळात त्याच चिठ्ठीतून निघालेला आहे. तबकडीच्या मधोमध, भोकाभोवती, जो गोल कागद चिकटवलेला असे त्याला लेबल म्हणत. त्यावर गाणे, गायक आणि कंपनीचे बोधचिन्ह छापलेले असे. ग्राहक त्या चिन्हावरून तबकडी ओळखू लागला आणि कागदाचे नाव कंपनीला चिकटले. आपल्याकडेही कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा पाहिला की अक्षरे न वाचताच लोक ‘एचएमव्ही’ म्हणत. मात्र ‘गायकाने एचएमव्ही लेबल सोडले’ असे मराठी माणूस म्हणत नसे. तो ‘कंपनी सोडली’ असे म्हणे, आणि माझ्या मते तोच शब्द आजही सर्वांत नेमका आहे.

‘कंपनी’ हा शब्द मराठी कलाजगतात ग्रामोफोनच्या आधीपासून मुरलेला आहे. नाटक मंडळ्यांना लोक ‘कंपनी’च म्हणत, आणि नट ‘कंपनीत’ असे किंवा ‘कंपनीतून बाहेर पडे’. 1913 साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, ही घटना सांगताना कोणीही ‘त्यांनी मंडळी बदलली’ असे लिहीत नाही. बाहेर पडणे, फुटून निघणे, काढून टाकणे, बोलावून घेणे या प्रत्येक क्रियापदाने घटनेचा कर्ता वेगळा ठरतो. ‘बदलणे’ या क्रियापदाने नेमका तो कर्ताच झाकला जातो. आपल्या वाक्यात मला सर्वांत जास्त खटकले ते हेच. ‘लेबल’ हा शब्द त्या मानाने किरकोळ आहे.

कॅश यांच्याबाबतीत काय घडले ते पाहू. मेम्फिस येथील सॅम फिलिप्स यांच्या सन रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीसाठी ते 1955 पासून गात होते. 1958 साली ते स्वतःहून सन सोडून कोलंबिया या मोठ्या कंपनीत गेले. ‘कंपनी बदलली’ हे शब्द त्या घटनेला चालतील, कारण निर्णय गायकाचा होता. त्यानंतर 28 वर्षे ते कोलंबियाचे गायक होते. फॉल्सम तुरुंगातील कैद्यांसमोर 13 जानेवारी 1968 रोजी ध्वनिमुद्रित झालेला त्यांचा प्रसिद्ध अल्बमही याच काळातला. 1986 साली मात्र विक्री उतरलेली पाहून कोलंबियानेच त्यांना मोकळे केले. ज्या गायकाने त्या कंपनीला इतके मिळवून दिले होते, त्याच्याबाबत ‘लेबल बदलले’ असे लिहिले तर वाचकाला वाटेल की चांगली संधी पाहून तो दुसरीकडे गेला. इतिहास याच्या उलट आहे, म्हणून तेथे ‘कोलंबियाने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही’ असे स्पष्ट लिहावे.

आणखी एक दुरुस्ती आवश्यक आहे. कोलंबिया आणि रूबिन यांच्यामध्ये मर्क्युरी ही कंपनी येते. 1987 ते 1991 या काळात कॅश यांचे अल्बम मर्क्युरीने काढले, परंतु श्रोत्यांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. त्यामुळे ‘लेबल बदलल्यानंतरचा पहिला अल्बम’ या शब्दांचा रोख कोलंबियाकडे असेल तर ते विधान चुकीचे ठरते. ‘रूबिन यांच्या कंपनीसाठी केलेला पहिला अल्बम’ हे मात्र निर्विवाद आहे.

विषय निघालाच आहे तर कोलंबिया या नावाविषयीही सांगतो. आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांवर ‘कोलंबिया’ हे नाव दिसते आणि वाचक ती कॅश यांचीच कंपनी समजण्याचा संभव आहे. आपल्याकडचे ते नाव ब्रिटिश कोलंबियाचे होते. ती कंपनी 1931 साली एचएमव्हीवाल्या ग्रामोफोन कंपनीशी एकत्र येऊन ईएमआय झाली. अमेरिकेतील कोलंबिया त्यानंतर स्वतंत्रपणे चालली आणि 1938 साली सीबीएस या नभोवाणी कंपनीच्या मालकीची झाली. लेखात ‘अमेरिकेतील कोलंबिया’ असे एकदा लिहिले तर घोटाळा होणार नाही.

‘अल्बम’ हा शब्द मी तसाच ठेवीन. ‘ध्वनिमुद्रिका’ हा सुंदर शब्द आहे, पण तो एका तबकडीचे नाव आहे. ‘तबकडी’ तर सरळ तबक या शब्दापासून आलेली, म्हणजे आकारावरून पडलेले नाव. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-चार मिनिटांचेच गाणे मावत असे, म्हणून अनेक तबकड्या पाकिटांच्या वहीत घालून विकत, आणि त्या वहीला छायाचित्रांच्या वहीसारखेच अल्बम म्हणत. 1948 साली अमेरिकेतील कोलंबियाने दीर्घकाळ वाजणारी तबकडी बाजारात आणली, वही नाहीशी झाली, पण नाव राहिले. एका हेतूने निवडलेल्या आणि ठरावीक क्रमाने लावलेल्या गाण्यांचा गुच्छ हा त्यातील अर्थ ‘गीतसंग्रह’ या शब्दात पुरता उतरत नाही. शिवाय ‘अल्बम’ मराठीत आता इतका रुळला आहे की त्याला बाहेर काढण्याचे कारणही नाही.

‘ज्येष्ठ’ हा शब्द योग्य आहे. 1994 साली कॅश 62 वर्षांचे होते. ‘वयोवृद्ध’ लिहिले तर केवळ वय दिसते, ‘दिग्गज’ हा शब्द वर्तमानपत्रांनी फार झिजवला आहे, आणि ‘मुरलेले’ बोलण्यात गोड लागले तरी आपल्या लेखाच्या सुरात बसणार नाही. इंग्रजीतील ‘व्हेटरन’ या शब्दाला माजी सैनिक असाही अर्थ आहे आणि कॅश तरुणपणी अमेरिकेच्या हवाई दलात होते, त्यामुळे त्यांच्याबाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात. मराठीत मात्र एकच शब्द दोन्ही अर्थ पेलू शकत नाही, तेव्हा सैन्यातील काळ वेगळ्या वाक्यात सांगावा.

दुसरे मत

वरील विवेचन पटले, परंतु ‘लोकगायक’ या शब्दाबद्दल त्यात काहीच नाही. कॅश गात त्या ‘कंट्री’ या अमेरिकेतील ग्रामीण वळणाच्या संगीतप्रकाराला ‘देशी संगीत’ म्हणता येईल असे मला वाटते. तेराव्या शतकात देवगिरी येथे यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात संगीताचे मार्गी आणि देशी असे दोन भेद केले आहेत, आणि प्रदेशाप्रदेशांत लोकांच्या आवडीनुसार जे गायले-वाजवले जाते ते देशी, असे म्हटले आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर ग्रंथबद्ध झालेली इतकी जुनी संज्ञा हाताशी असताना ‘कंट्री’ हा परका शब्द का वापरावा?

त्यावर उत्तर

सूचना विद्वत्तेची आहे आणि ‘देशी’ या शब्दावरचे आपले प्रेम मलाही कळते. तरीही येथे तो चालणार नाही. एक तर आजच्या मराठीत ‘देशी’ म्हणजे आपल्या देशातला, विदेशी नसलेला, असा अर्थ पक्का झाला आहे; ‘अमेरिकेतील देशी संगीत’ वाचून वाचक थबकेल. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ‘कंट्री’ हे नाव आता गावाकडच्या गाण्याचे वर्णन उरलेले नाही. नॅशव्हिल शहरातील कंपन्या, स्टुडिओ, केवळ हीच गाणी लावणारी नभोवाणी केंद्रे आणि स्वतंत्र पुरस्कार असलेल्या एका व्यवसायाचे ते विशेषनाम आहे. ‘ठुमरी’चे किंवा ‘लावणी’चे आपण भाषांतर करत नाही, त्याच न्यायाने ‘कंट्री’ हा शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तेथे एका ओळीत समजावून सांगावा.

‘लोकगायक’ हा शब्द तर या अल्बमच्या बाबतीत वस्तुस्थितीच पुसून टाकतो, आणि म्हणून त्याला माझा ठाम विरोध आहे. कॅश कंट्रीचे गायक होते. कंट्री नभोवाणीने त्यांची नवी गाणी लावणे जवळजवळ बंद केले होते. अशा वेळी ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ आला आणि त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो ‘समकालीन लोकसंगीत’ (इंग्रजीत ‘फोक’) या विभागात. कंट्री विभागात नव्हे. पुढचा अल्बम 1996 साली आला आणि त्याला मात्र सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा ग्रॅमी मिळाला. त्यानंतर 1998 साली कॅश आणि त्यांच्या कंपनीने ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकात पानभर जाहिरात देऊन नॅशव्हिलच्या संगीतव्यवसायाचे आणि कंट्री नभोवाणीचे ‘पाठिंब्याबद्दल’ आभार मानले. त्यासोबत कॅश संतापाने मधले बोट दाखवत आहेत असे सान क्वेंटिन तुरुंगातील 1969 सालचे छायाचित्र छापले होते. आता ‘कंट्री’ आणि ‘फोक’ या दोहोंना लोकसंगीत म्हटले तर या हकिकतीतून काय उरेल? लोकगायकाला लोकसंगीताचा पुरस्कार मिळाला, एवढेच. आणि त्या आभारांमागचा राग वाचकाला कधीच कळणार नाही. ‘फोक’ला लोकसंगीत म्हणावे आणि ‘कंट्री’ला कंट्री.

पुरवणी प्रश्न

‘निर्माते रिक रूबिन’ हे तरी बरोबर आहे ना? आणि ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ हे कंपनीचे नाव की अल्बमचे?

उत्तर

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. ते दोहोंचे नाव आहे. कंपनीचे आधीचे नाव ‘डेफ अमेरिकन’ असे होते. ‘डेफ’ हा रस्त्यावरच्या बोलीतला शब्द, साधारण आपल्या ‘झकास’सारखा. तो शब्दकोशात शिरला हे लक्षात आल्यावर रूबिन यांनी 1993 साली लॉस एंजेलिसमध्ये त्या शब्दाची रीतसर अंत्ययात्रा काढून शवपेटी पुरली आणि कंपनीच्या नावातून तो काढून टाकला. शब्दांवर जीव असणाऱ्या कोणालाही ही घटना विसरता येणार नाही, परंतु त्यामागचा विचार मला पटत नाही. ‘झकास’ आधुनिक मराठी कोशांत नोंदलेला आहे आणि तरीही तो लोकांच्या तोंडी तितकाच ताजा आहे. असो. लेखात अल्बमचे नाव अवतरणचिन्हांत आणि कंपनीचे नाव अवतरणांशिवाय लिहावे, म्हणजे वाचकाचा गोंधळ होणार नाही.

‘निर्माता’ या शब्दावर मात्र थांबावे लागेल. मराठीत नाटक-चित्रपटांमुळे निर्माता म्हणजे पैसा घालणारा असा अर्थ रूढ आहे. रूबिन कंपनीचे मालक होते, तेव्हा त्या अर्थानेही ते निर्माते ठरतात, पण अल्बमवर त्यांचे नाव ज्या कामासाठी आहे ते वेगळे आहे. ‘संगीत संयोजक’ हा पर्याय सुचेल. आपल्या ध्वनिमुद्रणाच्या जगात तो वाद्यमेळाची आखणी करणाऱ्यासाठी वापरतात, आणि येथे तर वाद्यमेळच नाही. रूबिन यांनी तो काढूनच टाकला. हिप-हॉप आणि हेवी मेटल या प्रकारांत नाव मिळवलेल्या 30 वर्षांच्या या माणसाने आपल्या दुप्पट वयाच्या गायकाला स्वतःच्या घराच्या दिवाणखान्यात बसवले आणि एका गिटारवर, एकट्याने, मनात येतील ती गाणी गायला सांगितले. काही ध्वनिमुद्रण टेनेसीतील कॅश यांच्या लाकडी घरात झाले, आणि दोन गाणी लॉस एंजेलिसच्या व्हायपर रूम या क्लबमध्ये श्रोत्यांसमोर झाली. 13 गाण्यांत कॅश यांची स्वतःची आहेत, लेनर्ड कोहेन आणि टॉम वेट्स या गीतकार-गायकांची आहेत, आणि ‘डिलियाज गॉन’ हे जुने लोकगीतही आहे, जे कॅश यांनी 1962 सालीच एकदा ध्वनिमुद्रित केले होते. हा अल्बम ऐकताना मला दरवेळी जाणवते की आवाजाभोवतीची शांतता हीच त्यातील साथसंगत आहे. तिचे श्रेय ज्याला द्यायचे त्याला काय म्हणावे?

माझ्या मते येथे नाम शोधत बसू नये. मराठीचे प्रयोजक क्रियापद हे काम सहज करते: ‘रूबिन यांनी कॅश यांच्याकडून हा अल्बम करवून घेतला.’ या ‘करवून घेण्यात’ निवड आहे, आग्रह आहे, वाट पाहणे आहे, आणि गाणारा मात्र दुसराच आहे. गुरू शिष्याकडून रियाज करवून घेतो, तालीम मास्तर नटाकडून भूमिका करवून घेतो, हे सर्व अर्थ त्या एका क्रियापदाच्या मागे उभे आहेत. जेथे पदनामच हवे असेल, उदाहरणार्थ श्रेयनामावलीत, तेथे ‘ध्वनिमुद्रण-निर्माता’ असे जोडनाम वापरावे. ते जरा जड आहे, पण त्याने पैशाकडे बोट जात नाही.

तेव्हा आपले वाक्य मी असे लिहीन: ‘अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने 1986 साली मोकळे केल्यानंतर आणि मर्क्युरी कंपनीतील काही निष्फळ वर्षांनंतर, कंट्री संगीतातील ज्येष्ठ गायक जॉनी कॅश यांच्याकडून रिक रूबिन यांनी आपल्या अमेरिकन रेकॉर्डिंग्ज या कंपनीसाठी करवून घेतलेला पहिला अल्बम म्हणजे 1994 सालचा “अमेरिकन रेकॉर्डिंग्ज”.’ वाक्य लांब झाले आहे, परंतु कोणी कोणाला सोडले आणि कोणी कोणाला बोलावले हे त्यात दिसते. फारच लांब वाटले तर ‘निष्फळ वर्षांनंतर’ येथे तोडून त्याची दोन वाक्ये करावीत. ‘मोकळे केल्यानंतर’ हे शब्द मात्र गाळू नयेत.