पाचवीची स्थानिक किंमत: टिपणे अचूक भरली जातात, संख्या मात्र चुकते

खडूफळा (प्रश्न)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला गणित शिकवतो. संख्याज्ञानाच्या पाठासाठी मी यंदा अर्धवट छापलेली टिपणे केली. प्रत्येक मुलाच्या हातात एक पान असते. त्यावर व्याख्या, एककापासून दशलक्षापर्यंतचा तक्ता आणि सोडवलेली उदाहरणे असतात, पण मोक्याचे शब्द व अंक गाळलेले असतात आणि मी फळ्यावर शिकवत असताना मुलांनी ते भरायचे असतात. उतरवून घेण्याचा वेळ वाचला आणि वह्याही नेटक्या झाल्या. मात्र पंधरा दिवसांनी संख्यांचे श्रुतलेखन घेतले, तेव्हा ‘चाळीस हजार सहा’ ही संख्या जवळजवळ निम्म्या वर्गाने चुकवली. कोणी ४००६ लिहिले, तर कोणी ४००००६. याच मुलांनी टिपणात ‘५२,३७४ मध्ये ३ ची स्थानिक किंमत ___ आहे’ या जागी ३०० असे बिनचूक भरले होते. टिपणांचा आराखडाच चुकला आहे, की अशा विषयाला ही पद्धत मानवत नाही?

चौथी-पाचवीच्या बाई

सर, पद्धतीला दोष देण्याआधी आपण नेमके काय गाळले आहे ते एकदा पाहावे, असे सुचवते. ‘स्थानिक’, ‘दर्शनी’, ‘दशक’ असे शब्द गाळले, तर मूल फळ्याकडे पाहून ते उतरवते आणि विचार करण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही. ३०० चे उत्तरही तसेच आहे: वर तक्ता छापलेला असला, की त्यातला रकाना पाहून ते भरता येते. जिथे मुलाला स्वतः काही ठरवावे लागते, ती जागा रिकामी हवी. मी ३,४५६ ही संख्या देते आणि दोन प्रश्न एकाखाली एक छापते: दशकस्थानी कोणता अंक आहे, आणि या संख्येत एकूण दशक किती आहेत. पहिल्याचे उत्तर ५ सगळ्यांना येते. दुसऱ्याचे ३४५ हे उत्तर यायला दोन तास जातात आणि ते जावेत, कारण दहा दशकांचा एक शतक होतो ही गोष्ट मुलांना त्या दोन तासांतच खऱ्या अर्थाने पटते.

शिष्यवृत्तीच्या सरावात ६,२६,४५० मधील दोन ६ च्या स्थानिक किमतींतला फरक विचारतात आणि मुले ५,९४,००० हे उत्तर पटकन काढतात. पण डावीकडचा ६ उजवीकडच्या ६ च्या किती पट आहे, असे विचारले की वर्ग गप्प होतो. १०० पट, हे उत्तर टिपणात छापू नका आणि लगेच सांगूही नका.

थोडे अवांतर: २०२३ पासून पाठ्यपुस्तकांत ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पाने आली होती, ती माझ्या वर्गात बहुतेक कोरीच राहिली. पूर्ण कोरे पान आणि पूर्ण छापलेले पान, दोन्हींनी मुलाचे काम होत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक

बाईंच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु सरांनी दिलेली चूक मला वाचनापेक्षा लेखनाची वाटते. मूल ऐकते तसे लिहिते. ‘चाळीस हजार’ ऐकले की ४०००० लिहून मोकळे होते आणि मग ‘सहा’ ऐकून पुढे ६ जोडते. आपली संख्यानामेही यात भर घालतात: ‘सत्तेचाळीस’ मध्ये सात आधी ऐकू येतात व चाळीस नंतर, आणि ‘एकोणपन्नास’ मध्ये तर नऊचा उच्चारही नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. माझे मत विचाराल, तर जुनी नावे टिकलीच पाहिजेत, पण ती मुलांना अवघड जातात हे मान्य करायला आपण उगाच लाजतो.

उपाय साधा आहे. टिपणात अंक गाळण्याऐवजी घरे गाळा, म्हणजे घरे मुलांनाच आखू द्या. ‘हजार’ हा शब्द ऐकला की स्वल्पविराम द्यायचा आणि पुढे काहीही ऐकण्याआधी तीन रिकामी घरे आखायची. ‘लाख’ ऐकला की स्वल्पविरामानंतर आधी दोन घरे, पुन्हा स्वल्पविराम आणि मग तीन. घर रिकामे ठेवता येत नाही, म्हणून तिथे शून्य येते. शून्याचे काम व्याख्येने कळत नाही, रिकाम्या घराने कळते. सरावासाठी बँकेच्या पैसे काढण्याच्या कोऱ्या स्लिपा आणाव्यात. अक्षरी रक्कम आणि अंकी रक्कम जुळली नाही तर पैसे मिळत नाहीत, हे मुलांना चांगले ठाऊक असते.

पाड्यावरची शाळा

माझा थोडा वेगळा अनुभव आहे. काड्यांचे गठ्ठे आणि खेळण्यातल्या नोटा यांवर आधी तीन-चार दिवस घालवल्याशिवाय मी टिपणाचे पान वाटत नाही. आम्ही वर्गात पुठ्ठ्याची दहा हजारांची नोट केली आहे. ती एका मुलाला द्यायची आणि त्यातून दुकानदाराला फक्त १ रुपया द्यायला सांगायचे. नोट मोडताना आधी हजाराच्या दहा नोटा, मग त्यातल्या एकीच्या शंभराच्या दहा, त्यातल्या एकीच्या दहाच्या दहा आणि शेवटी एकेक रुपयाची दहा नाणी असे सुटे करत जावे लागते. हे हाताने केल्यानंतरच १०,००० − १ हे उदाहरण पानावर यावे. त्याआधी आले, तर हातचा हा केवळ डोक्यावर लिहायचा आकडा उरतो.

खडूफळा

सर्वांचे आभार. काल घरे आखण्याचा प्रयोग केला. ‘चाळीस हजार सहा’ आता बहुतेकांचे ४०,००६ असे आले. मात्र चार मुलांनी तीन घरे आखली आणि पहिल्याच घरात ६ भरून ४०,६०० लिहिले. यांचे काय करावे?

निवृत्त मुख्याध्यापक

त्यांना घरे उजवीकडून भरायला सांगा, आणि प्रत्येक घरावर ‘श’, ‘द’, ‘ए’ ही अक्षरे त्यांच्याच हाताने लिहून घ्या. आठवड्याभराने ती अक्षरे बंद करा.