सोलापूरहून रेल्वेने विजयपूर: एका दिवसात, गाइडशिवाय काय काय बघून होईल?

प्रश्न / भवानी_पेठ:
डिसेंबरात एखाद्या रविवारी सकाळी सोलापूर स्टेशनवरून निघून रात्री घरी, असा विजयपूरचा बेत आहे. आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६६, गुडघे दुखतात). स्वतःची गाडी नाही आणि गाइडही नको. यूट्यूबवर सगळे गोलघुमट आणि इब्राहिम रोजा दाखवून थांबतात. मधलं काय बघावं, कुठल्या क्रमाने, आणि सासूबाईंना घुमटावर चढवावं का? एक नातेवाईक म्हणतात, विजयपूर नको, धाराशिवजवळच्या तेरला जा, ते खरं प्राचीन. जाणकारांनी सांगावं.

रूळ_रोजचे:
आधी परतीची गाडी ठरवा, मग बाकीचं. या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत आणि एक चुकली तर पुढची कित्येक तासांनी, कधी रात्री उशिरा. होटगी ते गदग हा भाग दक्षिण पश्चिम रेल्वेकडे आहे. तिथे ब्लॉक (रुळांच्या कामासाठी वाहतूक बंद) असला की पॅसेंजर रद्द होते किंवा अर्ध्यातच थांबते, आणि सोलापूर स्टेशनच्या फलकावर ते उशिरा कळतं. म्हणून आदल्या रात्री दोन्ही गाड्या नंबर टाकून ॲपवर तपासा. गावाचं नाव २०१४ मध्ये बदललं, तरी बोलण्यात आणि जुन्या पाट्यांवर अजून बिजापूर सापडेल. गोंधळू नका.

तिकिटाचं नीट समजून घ्या. २०० किलोमीटरच्या आतलं जनरल तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्यानंतर सुटणाऱ्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करायचा असतो. त्यामुळे सकाळीच परतीचंही काढून ठेवलं तर संध्याकाळी ते बाद असतं. पॅसेंजरच्या दराचं तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्ये बसलात तर दंड आहे, म्हणून खिडकीवर 'एक्स्प्रेस' असं स्पष्ट सांगा. जनरलला मुलाला अर्धं तिकीट. सासूबाईंना सवलत नाही, ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे. त्यांना बसायला नक्की जागा हवी असेल तर जनरलच्या नादाला न लागता ज्या एक्स्प्रेसला आरक्षण आहे तिचंच काढा.

आणि होटगीला रूळ फुटतात: एक वाट वाडीकडे, एक गदगकडे. सोलापुरात फलाटावर उभी असलेली 'कर्नाटकाकडची गाडी' कलबुर्गीचीही असू शकते. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. पुढे दोन-अडीच तासांचा प्रवास. वाटेत निंबाळ लागतं, गुरुदेव रानड्यांचा आश्रम तिथलाच. मिंचनाळ गेलं की पिशव्या आवरायला घ्या.

परतीची गाडी हुकलीच तर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर, बस आहेत. कर्नाटकची फुकट बससेवा त्यांच्या राज्यातल्या बायकांना आहे, आपल्याला नाही. आपल्या एसटीतलं महिलांचं अर्धं तिकीटही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच धरतात, पलीकडचं पूर्ण. वाहकाशी वाद घालून उपयोग नाही.

उपली_बुरुज:
क्रम शहरानेच ठरवून दिलाय. स्टेशन पूर्वेला, गोलघुमट तिथून जवळच. इब्राहिम रोजा पार पश्चिमेला, तटाच्या बाहेर. मधे पाच किलोमीटरच्या आसपास अंतर आणि बाकी जवळजवळ सगळं त्याच पट्ट्यात. म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जायचं आणि शेवटी एकदाच रिक्षाने थेट स्टेशनवर यायचं. उलटसुलट फिरलात तर रिक्षाभाड्यातच पैसे जातात.

सगळ्यात आधी गोलघुमट, सकाळीच. डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या सहलींचा हंगाम. दोन-तीन बसगाड्या रिकाम्या झाल्या की वरच्या सज्जात नुसती किंकाळ्यांची स्पर्धा लागते. समोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद. तुमचा रविवार आहे, अडचण नाही. तिकीट फक्त गोलघुमट आणि इब्राहिम रोजाला, पंचवीस रुपयांच्या आसपास, पंधराच्या आतल्या मुलांना माफ.

तिथून जामा मशीद. पहिल्या अली आदिलशहाने १५६५ च्या तालीकोटच्या लढाईनंतर बांधायला घेतलेली आणि पूर्ण न झालेली. फरशीवर एकेका नमाज्याची चौकट आखलेली दिसेल. पुढे बालेकिल्ल्याच्या भागात गगन महाल. त्याची मधली प्रचंड कमान बघायला दहा मिनिटं पुरतात. बारा कमान मात्र सोडू नका. दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर गोलघुमटाला मागे टाकायला निघाली होती, पण १६७२ मध्ये तो गेला आणि काम कमानींवरच राहिलं. खरे 'अवशेष' म्हणावे ते हेच, आणि शहरात यासारखी निवांत जागा दुसरी नाही. सासूबाईंना इथे बसवा, डबा इथून जवळपासच उघडा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरूनच न्या. तिकडेही ज्वारीची कडक रोट्टी मिळते, पण दुपारी खानावळीत गर्दीत वेळ जातो.

जेवण झालं की पश्चिमेच्या तटावर मलिक-ए-मैदान. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात मुहम्मद बिन हुसेन रूमीने ओतली. वजन सुमारे ५५ टन, तोंडाशी हत्तीला गिळणारा सिंहाचा जबडा. आपल्याकडच्या लोकांनी मुद्दाम बघावी, कारण ती विजापूरला आली परांड्याच्या किल्ल्यावरून, १६३२ मध्ये. परांडा बार्शीच्या शेजारचा! एवढं धूड बैल आणि हत्ती लावून ओढत नेलं असणार, हे मुलाला सांगा, तो घुमटापेक्षा इथे जास्त रमेल. जवळच उपली बुरुज, बाहेरून वळत जाणाऱ्या पायऱ्या. सासूबाई खाली थांबतील.

शेवटी इब्राहिम रोजा. एकाच जोत्यावर पूर्वेला कबर, पश्चिमेला मशीद. उतरतं ऊन कबरीच्या मशिदीकडल्या बाजूवर येतं, म्हणून दुपारनंतरच जा. खिडक्यांच्या दगडी जाळ्या नीट बघा. नुसती नक्षी नाही, अक्षरंच कोरून आरपार केलेली आहेत. माझ्या मते सगळ्या विजापुरात कारागिरी बघायची तर हीच. इथे आणि मशिदीत चपला काढाव्या लागतात, दुपारी फरशी तापते, मोजे जवळ ठेवा.

वेळ असा धरा: घुमट दोन तास, जामा मशीद पाऊण, बालेकिल्ला आणि बारा कमान मिळून जेवणासह दीड, तोफ आणि बुरुज पाऊण, रोजा एक तास. शिवाय रिक्षांत मोडणारा तासभर. गाडी उशिरा पोचली तर बालेकिल्ला कापा, रोजा कापू नका. अफझलखानाच्या बायकांच्या म्हणून दाखवतात त्या साठ कबरी गावाबाहेर आहेत, या दिवसात कोंबू नका.

कुजबुज_सज्जा:
एका टोकाची कुजबुज दुसऱ्या टोकाला ऐकायला वरच्या गोल सज्जात जातात, पण लोक फसतात ते इथे: समोरासमोर तोंड करून मधल्या पोकळीत ओरडतात. मग नुसता गोंगाट पुन्हा पुन्हा परत येतो. आवाज भिंतीच्या वळणाला धरून फिरतो. म्हणून एकाने भिंतीकडे तोंड करून, अगदी जवळून, हळू बोलायचं. दुसऱ्याने बरोबर समोरच्या टोकाला भिंतीला कान लावायचा. मधे ३७-३८ मीटरचं अंतर असतं तरी शब्द कळतो. जोरात बोललात तर प्रतिध्वनी एकमेकांवर चढतात आणि काहीच उमगत नाही.

सासूबाईंबद्दल स्पष्टच सांगतो, चढवू नका. सज्जा जमिनीपासून सुमारे ३३ मीटर वर, जिना कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यात, पायऱ्या उंच आणि अरुंद. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर ताण जास्त, आणि खालून वर येणारी पोरं धक्के देतात. खालचं दालनच बघण्यासारखं आहे. ४१ मीटरची चौरस बाजू, मधे एकही खांब नाही. वर मान करून बघा: एकमेकांना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनाचा अष्टकोन होतो आणि त्यावर घुमट बसतो. हे खालूनच जास्त स्पष्ट दिसतं.

तगर:
तेर सुचवणारे चुकीचे नाहीत, पण तुमच्या अटींत ते बसत नाही. पेरिप्लस या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेलं तगर ते हेच, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं व्यापारी गाव. त्रिविक्रम मंदिर मूळचं विटांचं, मागे अर्धगोल असलेलं चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह). लामतुरे संग्रहालयात मातीच्या मूर्ती आणि रोमन व्यापाराच्या खुणा. पण रेल्वेने जायचं तर कुर्डुवाडीला गाडी बदलून लातूरच्या मार्गावर धाराशिव, तिथून पुन्हा रस्त्याने वीसेक किलोमीटर. दोन गाड्यांचा मेळ बसला नाही की दिवस कुर्डुवाडीच्या फलाटावर. तिकडे एसटीनेच जावं. सरकारी संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं धरून चाला.

भवानी_पेठ:
सगळ्यांचे आभार. विजयपूरच नक्की. रिक्षा दिवसभरासाठी ठरवावी की टप्प्याटप्प्याने?

उपली_बुरुज:
तुम्ही चौघं आणि सोबत गुडघेदुखी, तर घुमट पायी किंवा छोट्या रिक्षाने आधी उरका आणि तिथून पुढे स्टेशनपर्यंत एकच रिक्षा ठरवा. बोलताना ठिकाणांची नावं घ्या: जामा मशीद, बारा कमान, मलिक-ए-मैदान, इब्राहिम रोजा, स्टेशन. 'सगळं दाखवतो' म्हणणारा रिक्षावाला मधल्या दोन जागा गाळतो. थांबायच्या वेळेचे पैसे त्यातच धरलेत का, तेही निघण्याआधी विचारा. हिंदी चालते, मराठीही पुष्कळांना कळते. 'गोळ गुम्मट' म्हटलं की कन्नड माणूस लगेच वाट दाखवतो.