जुनी इमारत, नवा करार: मुंबईकरांनो, तुमचे अनुभव सांगा

आमच्या दादरच्या इमारतीत पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आहेत. ज्येष्ठांना धास्ती, तरुणांना घाई. गोरेगावच्या पत्रा चाळीत 2008 मध्ये करार झाला आणि 672 कुटुंबांची घरं कित्येक वर्षं रखडली, तेव्हा ही धास्ती उगाच नाही. तुमच्याकडे काय घडलं? कोणता कागद कामी आला? बिल्डरचं नाव नको, घडलेलं लिहा.

गिरगावकर: आमची चाळ पागडीची (सुरुवातीला एकरकमी पागडी, मग नाममात्र भाडं), उपकरप्राप्त म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या इमारतींच्या 'अ' वर्गातली, म्हणजे 1 सप्टेंबर 1940 च्या आधीची. खोली जेमतेम 160 फुटांची. तेवढीच जागा मिळेल, असं मालकाच्या माणसाने आईला सांगितलं. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 33(7) च्या नियमाने निवासी भाडेकरूला किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं, हे शेजारच्या वाडीतल्या एका निवृत्त कारकुनांनी दाखवून दिलं आणि बोलणीच पालटली.

खरी अडचण वारसाची निघाली. भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर, काका डोंबिवलीला, आत्या पुण्याला. भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे हक्क येतो, पण सोबत राहत होतो हे दाखवायचं कसं? आईने जुनी रेशनकार्डं ट्रंकेत जपली होती, म्हणून निभावलं. पावती आजोबांच्या नावावर असलेल्यांनो, आधी ते काम करा. बिल्डर नंतर.

मुलुंडहून: आमच्या सोसायटीची जमीन मूळ विकासकाच्याच नावावर होती आणि तो सही करेना. मोफा, म्हणजे सदनिका मालकीच्या कायद्याच्या कलम 11 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा अर्ज केला. या अर्जाला विकासकाची सही लागत नाही.

चेंबूरची: बांधकाम होईपर्यंत बिल्डर देत असलेलं आमचं भाडं थांबलं. पाया खणून झाला आणि धनादेश येणं बंद! सासऱ्यांचं औषधपाणी, मुलीची शाळा आणि वर घरभाडं, सगळं आमच्या पगारातून. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79-अ खालच्या 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयात बिल्डरने प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक हमी देण्याची तरतूद आहे. आमच्या कमिटीने ती करारात घातली नाही, सभेत कुणी विचारलंही नाही. दादरच्या ताई, तुम्ही विचारा. 'मार्केटमध्ये कुणी देत नाही' हे उत्तर मिळेल. तरी विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

अंधेरीकर: सभेचं चित्रीकरण मागा. त्याच शासन निर्णयात आहे.

दादरची (धागा काढणारी): चेंबूरच्या ताई, मनापासून आभार. रविवारच्या सभेत बँक हमीचा मुद्दा लेखी देते. आमच्याकडे तळमजल्यावर दोन दुकानं आहेत, त्यांच्या जागेचं गणित निवासी गाळ्यांहून वेगळं असतं असं कळलं. कुणाच्या इमारतीत दुकानदार होते का? त्यांचा करार कसा झाला ते सांगाल?