स्पितीचे खोरे: वडिलांसोबत कधी व कोणत्या मार्गाने जावे?

प्रश्न (जळगाव): वडिलांना भूगर्भशास्त्राची मनापासून आवड असल्याने त्यांना हिमाचल प्रदेशातील स्पितीचे शीत वाळवंट दाखवायचे आहे. भुसावळहून दिल्लीपर्यंत रेल्वेने जाऊ. पुढे कोणता मार्ग व कोणता महिना योग्य ठरेल?

उत्तर (धुळे): मनालीहून निघाल्यास एकदम उंची गाठली जाते आणि त्या वाटेवरील कुंझुम खिंड हिवाळ्यात बर्फामुळे बंद असते, म्हणून ज्येष्ठांसाठी शिमला-किन्नौर मार्गाने मुक्काम करत चढणे अधिक सुरक्षित. पावसाळ्यात किन्नौरमध्ये दरडी कोसळतात. सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडावा.

उत्तर (नंदुरबार): लांगझा अवश्य पाहा. सुमारे ४,४०० मीटर उंचीवरील या गावाच्या परिसरात, टेथिस या प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या आणि भारतीय भूखंड आशियाला भिडल्यावर उचलल्या गेलेल्या थरांत अमोनाइट या नामशेष झालेल्या, शंखासारख्या कवचाच्या सागरी जीवांचे जीवाश्म आढळतात. आपल्या खानदेशात तापीच्या गाळाखाली लाव्हारसाचा काळा पाषाण असल्यामुळे हे त्याहून वेगळे दृश्य वडिलांना फार भावेल. जीवाश्म मात्र कृपया उचलू नयेत, विकतही घेऊ नयेत.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार, दादा. स्पितीतील मुख्य गाव काझा येथे मुक्काम ठेवून लांगझा दिवसा पाहून परतू.

उत्तर (धुळे): योग्य. तत्पूर्वी काकांची डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.