बदलत्या 'मी'कडे बघणं : साक्षीभाव, भान की आणखी काही?

प्रश्न
लिहिताना एका शब्दापाशी अडलोय. फोनवर वरिष्ठांना 'हो सर, लगेच पाठवतो' म्हणणारा मी आणि फोन ठेवता ठेवता मुलावर 'किती वेळा सांगायचं?' म्हणून खेकसणारा मी, यांचा आवाजसुद्धा एक नसतो. 'उद्यापासून पहाटे उठायचं' असं रात्री ठरवणारा तिसराच, उठायची पाळी मात्र चौथ्यावर. ही अदलाबदल चालू असतानाच ती दिसणं, याला काय म्हणावं? 'साक्षीभाव' लिहिलं तर प्रवचन वाटतं, 'आत्मनिरीक्षण' लिहिलं तर दिवस संपल्यावरचा हिशेब. शिवाय 'मी'चं अनेकवचन कसं करायचं? 'आम्ही' म्हटलं की बाहेरची माणसं आत शिरतात.

प्रतिसाद
साक्षीभाव टाकून देऊ नका. पाणिनी 'साक्षी' हा शब्द 'साक्षात्'वरून साधतो (अष्टाध्यायी ५.२.९१): प्रत्यक्ष पाहणारा, बस्स. मुंडकोपनिषदातल्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता बघतो. 'बघ, पुन्हा चिडलास!' असं आतून म्हणणारा साक्षी नव्हे. तो मास्तर, म्हणजे तुमच्या यादीतला पाचवा.

प्रतिसाद
पण साक्षी म्हटलं की आत कोणीतरी बसलेला आहे असं वाटायला लागतं. माझं मत 'भान'ला. मूळ धातू 'भा', प्रकाशणे. मराठीत भान येतं, असतं, सुटतं, राखावं लागतं. ते कोणी माणूस नव्हे, आणि कायमचं मुक्कामालाही नसतं. अनुभवही तसाच आहे. गाण्यात भान हरपतं ते आपण कौतुकाने सांगतो, रागात सुटतं ते शरमेने. दोन्हींत 'आता इथे कोण बोलतंय' हे दिसेनासं होतं. 'आत्मभान' मात्र टाळा. स्त्रीचं आत्मभान, समाजाचं आत्मभान अशा वापरामुळे तो शब्द अस्मितेच्या बाजूला गेलाय.

प्रतिसाद
'अवधान' कसं वाटतं?

प्रतिसाद
अवधान द्यायचं ते समोरच्याला. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे तेच मागून सुरू होतो. इथे नाही जमत.

प्रतिसाद
शब्दाआधी वाक्यरचना बघा. 'मी रागावलो' आणि 'मला राग आला'. दुसऱ्यात राग कर्ता आहे. तो आला, म्हणजे जाईलही. कंटाळा येतो, हसू येतं, रडू कोसळतं. पतंजलीने (योगसूत्र १.४) मनात उठलेल्या वृत्तीशी एकरूप होणं, 'वृत्तिसारूप्य', म्हटलं ते पहिल्या वाक्यात जसंच्या तसं सापडतं.

प्रतिसाद
छान आहे, पण व्याकरणाला एवढं श्रेय देऊ नका. 'मला राग आलाय!' असं दार आपटत ओरडणारे आपण सगळेच. रचना कितीही अलिप्त असली तरी बोलणारा अलिप्त होत नाही.

'स्मृती' कोणी काढली नाही म्हणून सांगतो. बौद्धांची पाली 'सति' म्हणजे संस्कृत 'स्मृती', पण ध्यानाच्या संदर्भात अर्थ जुनं आठवणं नव्हे. समोर चाललंय त्याचा विसर न पडणं. चित्तात राग असेल तर 'राग आहे' एवढं जाणायचं. गुर्जिएफ हा गूढवादी गुरू (मृत्यू १९४९) जे शिकवायचा त्याचंही भाषांतर 'आत्मस्मरण' होतं. त्याच्या मते माणसात एक कायमचा 'मी' नसतोच. कुठलातरी किरकोळ 'मी' सगळ्यांच्या वतीने हुंडीवर सही करतो आणि फेड इतरांच्या गळ्यात पडते. तुमचा पहाटेचा चौथा तोच. पण मराठीत 'स्मरण' नामाकडे किंवा गेलेल्या माणसांकडे ओढतं, म्हणून लेखात भानच बरं.

प्रश्नकर्ता
भान घेतो. वाक्य असं झालं: 'खेकसणाऱ्या मीचं भान आलं तेव्हा वाक्य निम्म्यावर होतं.' अनेकवचन राहिलं.

प्रतिसाद
त्यात अडचण काय? नाम म्हणून वापरा. ईकारान्त पुल्लिंगी नामं अनेकवचनात बदलत नाहीत: एक हत्ती, चार हत्ती, एक मी, चार मी. विभक्ती लावायची तर हत्तींना, तसं मींना. कानाला खटकेल, पण इथे खटकलेलंच चांगलं.