एमईपी-८०३ए जनरेटर: इंजिन सुरू, पण व्होल्टेजच नाही. मदत हवी आहे

मी टेक्सासमध्ये असतो. लिलावात अमेरिकन सैन्याचा जुना एमईपी-८०३ए (१० किलोवॅट, ६० हर्ट्झ) घेतलाय. इंजिन अर्ध्या सेल्फमध्ये उठतं, १८०० आरपीएमचा आवाज एकसारखा, ऑइल प्रेशर उत्तम. पण व्होल्टमीटरचा काटा जागचा हलत नाही, फ्रिक्वेन्सीचाही नाही. टर्मिनलवर मल्टीमीटर लावला तर जेमतेम ३-४ व्होल्ट.

आतापर्यंत केलेलं: १२ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या नव्या, सिरीजमध्ये २४ येतात. मास्टर स्विच स्टार्टवर जास्त वेळ धरून पाहिला. व्होल्टेज सिलेक्टर दहा-बारा वेळा फिरवला (काँटॅक्ट काळे पडलेले असतात म्हणे), तो १२०/२४० वरच आहे. एव्हीआरचे (व्होल्टेज आपोआप नियंत्रित करणारा रेग्युलेटर) कनेक्टर काढून साफ केले. एका पिनेवर हिरवा गंज होता. फरक शून्य.

घराच्या वायरिंगला अजून जोडलेला नाही, लोडही नाही. दुसरा एव्हीआर हाताशी नाही आणि आंधळेपणाने विकत घ्यायचा नाही.

स्टार्टवर धरल्यावर फील्ड फ्लॅश (बॅटरीचा डीसी करंट थोडा वेळ देऊन जनरेटरचं चुंबकत्व जागं करणं) खरंच होतंय का, हे नक्की कुठल्या दोन वायरींवर आणि किती डीसी व्होल्ट बघून कळेल? की आधी एक्सायटरचे (मुख्य जनरेटरच्या फील्डला करंट पुरवणारा छोटा जनरेटर) डायोडच तपासू?