मदत हवी आहे : बाहेरून नियंत्रित करता येईल असा ग्रीड-टाय (महावितरणच्या लाइनला जोडून चालणारा) इन्व्हर्टर कोणता घ्यावा?

तासगाव_बेदाणा : तासगावजवळ आमचे बेदाण्याचे शीतगृह आहे. छपरावर सोलर बसवायचे ठरले असून, इन्व्हर्टरची निर्मिती माझ्या पीएलसीवरून (यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रक संगणकावरून) कमी-जास्त करता आली पाहिजे, एवढी एकच अट आहे. तीन विक्रेत्यांना विचारले. तिघांनीही मोबाइलवरचे अॅप उघडून दाखवले. अॅपमध्ये आकडे दिसतात हे मान्य, पण मला आकडे पाहायचे नाहीत, हुकूम द्यायचा आहे. शनिवारी ऑर्डर द्यायची आहे, तरी कृपया नेमका इन्व्हर्टर सुचवावा.

मिरज_जंक्शन : किती किलोवॅट, सिंगल फेज की थ्री फेज, नेट मीटर आहे का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. आणि निर्मिती कमी करायची ती कशासाठी? दोन युनिट जास्त पडावेत म्हणून लोक धडपडतात, आपण उलटे मागत आहात.

तासगाव_बेदाणा : शीतगृह म्हटल्यावर थ्री फेज हे वेगळे सांगायला हवे असे वाटले नाही. ५० किलोवॅट. नेट मीटरचा अर्ज दिला आहे, पण माझा प्रश्न त्याबद्दल नाही.

विश्रामबाग_लॅब : स्वतःचे नियंत्रण दोन पातळ्यांवर असू शकते. आतल्या स्विचिंगचे पल्सच आपण ठरवायचे असतील, तर ते प्रयोगशाळेचे काम आहे. त्यासाठी डीएसपी बोर्ड (पल्स तयार करणारे कार्ड) आणि उघडा पॉवर स्टॅक (स्विचिंग करणारा भाग) घेऊन विद्यार्थी प्रकल्प करतात. तसला संच महावितरणच्या लाइनला जोडता येणार नाही, कारण लाइट गेल्यावर इन्व्हर्टरने स्वतःहून बंद होण्याची आयएस १६१६९ या भारतीय मानकाप्रमाणे चाचणी झालेली असावी लागते. नुसती मर्यादा घालायची असेल, तर बाजारातला इन्व्हर्टर चालेल. आपल्याला यांतले काय हवे?

तासगाव_बेदाणा : दुसरे. मर्यादा.

कवठेमहांकाळ७७ : पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. आमच्या घरी बसवले आहे, उत्तम चालते. आपणही अर्ज करून टाका.

तासगाव_बेदाणा : दादा, ती योजना घरांसाठी आहे. हे शीतगृह आहे.

जुना_वायरमन : जनरेटर आहे का?

तासगाव_बेदाणा : आहे, १२५ केव्हीए. त्याच्यासाठीच तर हे सगळे चालले आहे.

जुना_वायरमन : मग हे पहिल्या ओळीत लिहायचे होते, साहेब. कॉम्प्रेसर किती?

तासगाव_बेदाणा : ३० किलोवॅटचे दोन. पंखे व इतर मिळून ८.

जुना_वायरमन : आता हिशेब पाहा. १२५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने १०० किलोवॅट, आणि डिझेल इंजिनावर साधारण ३० टक्के तरी लोड राहिला पाहिजे, म्हणजे ३० किलोवॅट. दोन्ही कॉम्प्रेसर चालू असताना एकूण लोड ६८, त्यामुळे सोलरला ३८ पर्यंतच मुभा. एक कॉम्प्रेसर थांबला की लोड ३८, सोलरला उरले ८. मर्यादा न घालता ५० येत राहिले, तर १२ किलोवॅट उलटे जनरेटरमध्ये घुसतील, कारण इन्व्हर्टरला जनरेटरसुद्धा ग्रीडच वाटतो. माझे ऐका, जनरेटर सुरू होताच सोलर तोडणारा एक कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा मोठा स्विच) लावा आणि मोकळे व्हा. पीएलसी, रजिस्टर (इन्व्हर्टरमधले हुकूम लिहायचे कप्पे) वगैरे हौसेचे काम आहे.

मिरज_जंक्शन : काका, ही हौस नव्हे. एक लिटर डिझेलमागे जेमतेम तीन-साडेतीन युनिट मिळतात. भर दुपारी लाइट गेली आणि दोन्ही कॉम्प्रेसर चालू असतील, तर ३८ किलोवॅट तोडणे म्हणजे तासाला अकरा-बारा लिटर जादा जाळणे. फ्रोनियस किंवा एसएमए घ्या, दोघेही सनस्पेक मॉडबस, म्हणजे इन्व्हर्टरला बाहेरून हुकूम द्यायची ठरलेली भाषा, देतात.

जुना_वायरमन : कॉम्प्रेसर एका क्षणात सुटतो. तुमचा मॉडबसचा हुकूम पोहोचून इन्व्हर्टर खाली येईपर्यंत रिव्हर्स पॉवर रिलेने (उलटी वीज येताच तोडणाऱ्या रिलेने) जनरेटर पाडलेला असेल.

सातारा_एमआयडीसी : दोघांचेही अर्धे बरोबर आहे. कॉम्प्रेसर थांबवण्याचा निर्णय धागाकर्त्याचा पीएलसीच घेत असेल, तर आधी सोलरची मर्यादा ८ वर आणावी, उत्पादन खरोखर उतरले आहे हे मीटरवर वाचावे आणि मगच कॉम्प्रेसर सोडावा. मात्र हाय प्रेशर कटआउट (दाब वाढला की कॉम्प्रेसर तोडणारा स्विच) पीएलसीला विचारून पडत नाही, तेवढ्यासाठी काकांचा कॉन्टॅक्टर हवाच.

नावावर जाऊ नका, रजिस्टरची यादी आधी मागा. त्या यादीत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मर्यादा तात्पुरत्या स्मृतीत लिहिली जाते की कायमच्या. आमच्या कारखान्यातल्या एका इन्व्हर्टरमध्ये ती कायमच्या स्मृतीत जात होती. आम्ही दर मिनिटाला लिहीत होतो, म्हणजे दिवसाला १,४४० वेळा. अशा स्मृतीची मजल लाखभर लेखनांची धरली, तर ती सत्तर दिवसांत संपते. तिसऱ्या महिन्यात त्याने एकही सेटिंग धरून ठेवले नाही. दुसरी, संपर्क तुटल्यावर काय होते. सनस्पेकच्या १२३ क्रमांकाच्या मॉडेलमध्ये मर्यादेला मुदत घालता येते, पण मुदत संपली की मर्यादा उठते आणि निर्मिती पुन्हा पूर्ण होते. आपल्याला नेमके उलटे हवे आहे : आरएस-४८५ ची, म्हणजे संपर्काची, तार उंदराने कुरतडली, तर इन्व्हर्टर शून्यावर यावा.

तासगाव_बेदाणा : पीएलसी माझाच आहे आणि कॉम्प्रेसरही त्याच्यावरच चालतात, हे लिहायचे राहून गेले. आभारी आहे. तिन्ही विक्रेत्यांकडे यादी मागितली आहे.

कवठेमहांकाळ७७ : आमच्याकडे दुपारी व्होल्टेज २५६ होते आणि इन्व्हर्टर बंद पडतो, त्यावरही कोणी सांगेल का?

मिरज_जंक्शन : २३० वर १० टक्के म्हणजे २५३; त्यापुढे त्याने लाइन सोडलीच पाहिजे, असा नियम आहे. रोहित्राचा टॅप बदलून घ्या, आणि कृपया वेगळा धागा काढा.

तासगाव_बेदाणा : तिघांपैकी एकाची यादी आली. मर्यादेचे रजिस्टर आहे व ती तात्पुरत्या स्मृतीत राहते, असे स्पष्ट लिहिले आहे; संपर्क तुटल्यावर काय होते, यावर मात्र एकही ओळ नाही. विक्रेता म्हणतो, ‘तसे कधी होत नाही.’ शनिवारची ऑर्डर पुढे ढकलली आहे.

जुना_वायरमन : ढकललीत ते बरे केलेत. पॅनेलवाल्याला मात्र आजच सांगून ठेवा, कॉन्टॅक्टरची जागा सोडायला आणि त्याची कॉइल जनरेटरच्या ब्रेकरवरून घ्यायला.